कढईजवळ कोण उभे राहणार?

नाताळच्या आदल्या आठवड्यात आमच्या सणसवाडीत दरवर्षी एक दृश्य दिसते. पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर कोरेगाव भीमा ओलांडून शिक्रापूरच्या दिशेने निघाले की डाव्या-उजव्या हाताला कारखान्यांच्या भिंती लागतात. ट्रॅक्टरपासून मोटारींच्या सुट्या भागांपर्यंत सारे काही येथे तयार होते. या कारखान्यांच्या ओढीने गेल्या काही वर्षांत जी कुटुंबे येथे येऊन राहिली, त्यांत कोणी गोव्याचे, कोणी वसईचे, कोणी मंगळूरकडचे, तर कोणी राहुरी-संगमनेरकडचे. भाड्याच्या दोन खोल्या, एक गॅलरी आणि पाळीच्या कामाचे वेळापत्रक, एवढ्या भांडवलावर आम्ही सारे एकमेकांचे शेजारी झालो. नाताळात एकमेकांच्या घरी ताटे जातात. त्या ताटांत कोपऱ्यात लाल भडक रंगाच्या चार-चार चौकोनी वड्या असतात. तो पेराद. पेरूच्या गराचा, साखरेत आटवलेला घट्ट गोळा.

मागच्या वर्षी एका घरी आमच्यातील एका वयस्कर गृहस्थांनी वडी तोंडात टाकली, क्षणभर थांबले आणि सहज विचारले, "वहिनी, घरचा का हा?" वहिनींनी मान खाली घातली. दादा घाईघाईने म्हणाले, "अहो नाना, आता कोण घाटत बसतो? पुण्याहून डबा आणला." नानांनी वडी संपवली, पाणी मागितले आणि विषय बदलला. पुढे त्याच आठवड्यात आम्ही सात घरी गेलो. सातही घरी तोच लाल रंग, तोच सुवास, तीच वडी. सात घरांतून एकच दुकान आमच्याशी बोलत होते.

त्या सात घरांना दोष देण्यासाठी ही लेखणी उचललेली नाही. त्या सातांत आमचेही घर होतेच. परंतु 'आपली परंपरा' असे म्हणत आपण जी वस्तू ताटात ठेवतो, ती करण्याची विद्या आपल्या हातून निसटत असेल, तर परंपरा हा शब्द उच्चारण्याचा अधिकार आपल्याला उरतो का, हे एकदा रोखठोक विचारले पाहिजे. आमचे उत्तर स्पष्ट आहे. पेराद करायचा तर सर्वांनी मिळून, आळीपाळीने, कढईजवळ उभे राहून करावा. ते जमत नसेल तर विकत आणलेली वडी आनंदाने खावी, पण तिला परंपरा म्हणू नये.

या म्हणण्यावर तीन आक्षेप हमखास येतात. एकेक घेऊ.

पहिला आक्षेप आपल्याच काही बांधवांचा. ते म्हणतात, पेराद हा पोर्तुगीजांचा वारसा. आम्ही नगरकडचे मराठी ख्रिस्ती, आमच्या घरी नाताळात करंज्या, शंकरपाळे, लाडू होतात. गोवेकरांच्या या गोडाशी आमचा काय संबंध?

आक्षेप वरवर बरोबर दिसतो. पण या वडीचा प्रवास पाहिला म्हणजे तो टिकत नाही. पोर्तुगालमध्ये या पदार्थाचे मूळ फळ पेरू नव्हे. तेथे 'मार्मेलो' नावाचे फळ होते. पिवळे, लवदार, कच्चे खाल्ले तर दातांना आणि जिभेला तुरटीने आवळून टाकणारे. हे फळ साखरेत तास न् तास शिजवले की त्याचा रंग तांबूस होतो आणि सुरीने कापता येईल असा घट्ट पाक तयार होतो. त्याला ते 'मार्मेलाडा' म्हणतात. इंग्रजांनी हा शब्द उचलला आणि पुढे तो संत्र्याच्या मुरंब्याला चिकटवला. लिस्बनजवळच्या ओदिवेलाश येथील मठातील भगिनींनी केलेला फिकट रंगाचा मार्मेलाडा आजही त्या गावाच्या नावाने ओळखला जातो. स्पेनमध्ये तोच पदार्थ खाऱ्या चीजच्या कापाबरोबर खातात.

हे फळ आपल्याकडे अगदीच अनोळखी आहे असे नाही. काष्ठौषधींच्या दुकानात खोकल्यासाठी जो 'बिहीदाणा' मिळतो, पाण्यात टाकताच बुळबुळीत होतो, त्या याच फळाच्या बिया. काश्मीरमध्ये हे फळ पिकते आणि तेथे त्याला 'बमचूंठ' म्हणतात. परंतु त्याला हिवाळ्यातील खरी थंडी लागते. मांडवीच्या काठी किंवा वसईच्या खाडीवर ती कोठून येणार? १५१० मध्ये गोवा आणि १५३४ मध्ये वसई हाती आलेल्या त्या दर्यावर्दी लोकांना आपल्या घरची चव आठवत होती, पण फळ मिळत नव्हते. ब्राझीलमध्येही त्यांची हीच अडचण झाली. तेथे त्यांनी हाताशी असलेला पेरू घेतला आणि 'गोयाबाडा' केला. अमेरिकेच्या उष्ण भागातला तोच पेरू आपल्या किनाऱ्यावर आला आणि येथे त्याचाच पेराद झाला.

आता नावांची गंमत पाहा. पोर्तुगीज भाषेत 'पेरा' म्हणजे नासपती. आपला 'पेरू' हा शब्द याच 'पेरा'शी जोडला जातो. म्हणजे नासपतीचे नाव अमेरिकेच्या फळाला मिळाले आणि त्या फळाने मार्मेलोची जागा घेतली. तिकडे छत्तीसगडात पेरूला चक्क 'बिही' म्हणतात. फारशीत 'बिही' हे मार्मेलोचेच नाव. दोन वेगळ्या प्रांतांतील, दोन वेगळ्या भाषांतील सामान्य माणसांनी त्या दूरच्या थंड प्रदेशातील फळांची नावे आपल्या दारच्या फळाला दिली. आज पुणे जिल्ह्यातल्या बागांतून छत्तीसगडच्या रोपवाटिकेचा 'बिही' नावाचाच मोठ्या आकाराचा पेरू लावला जातो. मार्मेलो आपल्याकडे आला नाही, पण त्याचे नाव मात्र फिरत फिरत शिरूर-दौंडपर्यंत पोहोचले.

आणि पेरू परका म्हणावा, तर मग आपले म्हणून उरते काय? 'मुरंबा' हा शब्द अरबी-फारशीतून आला. आपल्या रोजच्या स्वयंपाकातील मिरचीही अमेरिकेची आणि बटाटाही. उलट ज्या पेरूवर आज महाराष्ट्रातील बागाईतदार जगतो, तो 'सरदार', म्हणजेच 'लखनौ-४९', ही जात १९२७ च्या सुमारास आपल्या पुण्यातच, गणेशखिंडीच्या फळ संशोधन केंद्रात, डॉ. चीमा यांनी निवडली. लखनौकडचे बी, पुण्याची माती आणि निवड करणारी पारखी नजर. सणसवाडीपासून तासाभराच्या अंतरावर ज्या पेरूचा जन्म झाला, त्याच्या वडीला परकी म्हणणारा मनुष्य आपल्याच अंगणाला परके म्हणत असतो. नगरकडच्या बांधवांना आम्ही एवढेच म्हणू की शंकरपाळ्यांच्या डब्याशेजारी पेरादची थाळी ठेवल्याने डब्याचा अपमान होत नाही. आम्हांला शंकरपाळे करायला त्यांनी शिकवले. पेराद शिकण्यात त्यांनी कमीपणा का मानावा?

दुसरा आक्षेप व्यवहाराचा. बाजारात तयार मिळतो, दिसायला देखणा असतो, मग एवढा खटाटोप कशासाठी?

येथे प्रथम त्या देखणेपणाविषयी. लाल रंग म्हणजे अस्सल पेराद, अशी एक समजूत आपल्यात घट्ट बसली आहे. ती चुकीची आहे. मार्मेलो शिजताना आपोआप तांबूस होतो, कारण त्याच्यातील तुरट द्रव्ये उष्णतेने रंग धरतात. पेरूचे तसे नाही. गुलाबी गराचा पेरू घेतला तर वडी विटकरी होते. पण आपला सरदार पांढऱ्या गराचा. तो साखर आणि लिंबाबरोबर दीर्घकाळ शिजला की मधासारखा, फार तर काळसर तपकिरी रंग येतो. पांढऱ्या पेरूची वडी जर जास्वंदीसारखी लाल दिसत असेल, तर तो लाल रंग झाडावरचा नव्हे, बाटलीतला आहे. आम्ही मागे एका दुकानातून आणलेला डबा उघडला तेव्हा त्याला पेरूपेक्षा अत्तराचा वास अधिक येत होता. ज्या मुलांनी तोच पेराद खाल्ला, त्यांना दुसऱ्या दिवशी घरी केलेली तपकिरी वडी दिली तर त्यांनी विचारले, "हा खराब झाला आहे का?" आमच्या मनाला लागले ते हे. खरे पाहून मुलांनी त्याला खोटे म्हणावे, इथपर्यंत मजल गेली.

दुसरे, त्या खटाटोपात जे आहे ते दुकानातून मिळत नाही. काय आहे, ते सांगतो. पाककृती म्हणून नव्हे, पुरावा म्हणून सांगतो.

दोन किलो पेरू घ्यावेत. बहुतेक पिकलेले, पण घट्ट, आणि त्यांत चार-दोन अर्धकच्चे असावेत, कारण वडीला बांधून ठेवणारे पेक्टिन पिकण्यापूर्वी फळात अधिक असते. फार मऊ झालेल्या पेरूला वास येतो, पण वडी धरत नाही. फोडी करून थोड्या पाण्यात शिजवाव्यात आणि चाळणीवर घासून गर खाली, बिया वर, असे करावे. पेरूची बी दाताखाली आली की सारे श्रम फुकट गेल्यासारखे वाटतात, म्हणून येथे घाई करू नये. गर वजन करून घ्यावा. गराच्या जवळजवळ तेवढीच साखर, फार तर थोडी कमी. दोन लिंबांचा रस. जाड बुडाची कढई. ती तांब्या-पितळेची असेल तर कल्हई केलेलीच हवी, कारण आंबट गर उघड्या तांब्याला खातो. मग मंद आचेवर लाकडी उलथण्याने सारखे घाटत राहायचे. तासभर, कधी दीड तास. थांबलात की बुडाला लागते, आणि बुडाला लागलेला वास पुन्हा निघत नाही. शेवटच्या अर्ध्या तासात गर फुटाण्यासारखा उडतो आणि हातावर पडला तर फोड आणतो. म्हणून जाणत्या बायका मनगटापर्यंत फडके गुंडाळीत. गोळा कढईच्या कडा सोडू लागला, उलथण्याबरोबर एकत्र फिरू लागला, की चमचाभर लोणी किंवा तूप घालावे, तूप लावलेल्या थाळीत ओतावे, वाटीच्या बुडाने सारखे करावे आणि दुसऱ्या दिवशी कापावे. दोन किलो फळातून दीड किलोच्या आसपास पेराद मिळतो.

पुस्तकांतून जे उष्णतामान दिलेले असते ते समुद्रकाठचे. मुरंबा-जॅमला साधारण १०५ अंश सेल्सिअस लागतात, असे त्यांत वाचायला मिळते. परंतु आपण पठारावर, साडेपाचशे मीटरहून अधिक उंचीवर राहतो. येथे पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळते. त्यामुळे पाकाचा तोच दाटपणा येथे दोन अंश आधीच येतो. पणजीच्या मावशीचे प्रमाण घेऊन तापमापी लावणाऱ्या आमच्यातील एकाचा पेराद दगडासारखा झाला, त्याचे कारण हेच. मावशीला हे कोणी शिकवले नव्हते. तिची नजर कढईच्या कडेवर होती, काट्यावर नव्हती. असे ज्ञान डब्याच्या झाकणावर छापता येत नाही. ते एका मनगटाकडून दुसऱ्या मनगटाकडे जाते, आणि मध्ये एक पिढी रिकामी गेली की संपते.

आता तिसरा आक्षेप. हा सर्वांत गंभीर, आणि आम्हांला तो मान्य आहे. एक वहिनी आम्हांला म्हणाल्या, "तुम्ही पुरुष मंडळी परंपरेवर लिहिता. घाटायचे आम्ही. पाळीवरून यायचे, मुलांचा अभ्यास घ्यायचा, भाकरी टाकायच्या आणि मग दीड तास कढईजवळ उभे राहायचे. तुमची परंपरा आमच्या खांद्यावर किती वर्षे चालणार?"

याला उत्तर नाही. किंवा एकच आहे, आणि ते शब्दांनी देण्यासारखे नाही. 'आईच्या हातची चव' या शब्दप्रयोगाने आपण फार मोठा अन्याय झाकून ठेवला आहे. चव हाताची होती, म्हणजे भाजत होता तो हातही तोच होता. आमच्यातील एका मावशींनी चाळीस वर्षे नाताळचे कुस्वार एकटीने केले. दोदोल, नेवऱ्या, कुलकुल आणि पेराद. घरातील तीन मुलगे बाहेरच्या खोलीत पत्ते खेळत आणि वास आला की आत येऊन कढई खरवडीत. मावशींचे मनगट पुढे कायमचे दुखू लागले. त्या गेल्या तेव्हा तिघेही धाय मोकलून रडले आणि म्हणाले, "आता तो पेराद पुन्हा मिळणार नाही." मिळणार कसा? चाळीस वर्षांत तिघांपैकी एकानेही उलथणे हाती धरले नव्हते. जी विद्या आपण शिकलोच नाही तिच्या नावाने गळा काढणे, याला शोक म्हणत नाहीत.

म्हणून बाजारच्या डब्याविरुद्ध लिहिताना आम्ही वहिनींना कढईकडे परत पाठवू इच्छितो, असा अर्थ कोणी काढू नये. ज्या घरात घाटण्याचे काम एकट्या बाईकडे जाणार असेल, त्या घराने खुशाल डबा आणावा. तो डबा प्रामाणिक आहे. पण ज्या घरात बाप आहे, मुलगा आहे, जावई आहे, आणि ज्याला कारखान्यात आठ तास यंत्रापुढे उभे राहता येते, त्याला कढईपुढे पंधरा मिनिटे उभे राहता येत नाही, हे आम्ही मानणार नाही. सहा जणांनी पाव-पाव तास घाटले तर दीड तास होतो. हिशोब एवढा सोपा आहे.

दौंड तालुक्यातील केडगाव आपल्यापासून दूर नाही. आपल्या पंथाच्या सीमेपलीकडचे उदाहरण देतो, पण ते आपल्याच भूमीतले आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये शारदा सदन सुरू केले. परदेशातून येणारी मदत कायमची नाही, हे त्यांना ठाऊक होते. त्या स्त्रियांना स्वतःच्या उत्पन्नावर उभे राहता यावे, या हेतूने त्यांनी केडगावला जमीन घेतली आणि तेथे फळबाग लावण्याचे ठरवले. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळातून वाचवून आणलेल्या मुली त्याच जमिनीवर आल्या आणि मुक्ती सदन उभे राहिले. शंभरहून अधिक वर्षांपूर्वी या पंचक्रोशीत एका बाईने फळझाडाकडे पाहताना त्यात शोभा पाहिली नाही, सणाचे ताट पाहिले नाही. बायकांचे स्वावलंबन पाहिले. आपण मात्र आज फळापासून सण बनवतो आणि त्याच सणासाठी बाईला जुंपतो. रमाबाईंची दिशा नेमकी उलटी होती.

आता साठवणीविषयी. कारण घरच्या पेरादची बदनामी बहुधा तेथेच होते.

तीन वर्षांपूर्वी आम्ही काही जणांनी मिळून पेराद केला. उत्साहाच्या भरात वड्या कोमट असतानाच प्लॅस्टिकच्या डब्यांत भरून घट्ट झाकणे लावली. पंधरा दिवसांत पांढरी बुरशी आली. सारे म्हणाले, "पाहा, घरचे टिकत नाही." टिकत नाही असे नाही, आम्हीच त्याला टिकू दिले नाही. साखर टिकवते ती कशी? ती पाणी धरून ठेवते. बुरशीला आणि इतर जंतूंना जगण्यासाठी जे मोकळे पाणी लागते ते साखरेने बांधून ठेवले म्हणजे ते उपाशी मरतात. म्हणूनच जॅमसाठी आपल्या अन्नविषयक नियमांत किमान ६५ टक्के विद्राव्य घन पदार्थांची अट आहे, आणि नीट घाटलेला पेराद याच्याही पुढे जातो. पण गरम वडीची वाफ झाकणाला लागून थेंब झाली आणि वडीवर पडली, की त्या थेंबापुरते पाणी मोकळे झाले आणि बुरशीचे पोट भरले. चूक फळाची नव्हती, घाईची होती.

पुढच्या वर्षी आम्ही थाळ्या पातळ फडक्याखाली एक रात्र आणि एक दिवस तशाच ठेवल्या. कोरड्या सुरीने कापल्या. वड्या दोन्ही बाजूंनी आणखी दोन दिवस वाळू दिल्या. प्रत्येक वडी बटर पेपरमध्ये गुंडाळली आणि कोरड्या पत्र्याच्या डब्यात, थरांमध्ये कागद घालून ठेवली. डब्यात हात घालायचा तो कोरडाच, हा नियम लहान मुलांनाही पाळायला लावला. नाताळात केलेल्या वड्या ईस्टरपर्यंत चांगल्या राहिल्या. मार्गशीर्ष-पौषात पठारावरची हवा कोरडी असते, हा येथील एक लाभ. दमट किनाऱ्यावर ज्यासाठी धडपडावे लागते ते आपल्याला निसर्गतः मिळते. मग आपण सणसवाडीकरांनी पेराद विकत का आणावा?

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पेराद हे औषध नव्हे. ताज्या पेरूत क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असते, हे खरे. पण तास-दीड तास आचेवर राहिल्यावर त्यातले बरेच नष्ट होते, आणि वडीत निम्म्याहून अधिक साखर असते. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी ताजा पेरू खावा आणि वडी फार तर चाखावी. 'घरचे आहे, फळाचे आहे, काही होत नाही' असे म्हणून आजोबांच्या हातावर चार वड्या ठेवणे हे प्रेम नव्हे. वडी लहान कापावी, थोडी खावी, पुष्कळांना द्यावी. हा पदार्थ मुळातच वाटण्यासाठी आहे. एका घराला दीड किलो पेराद पुरून उरतो. उरतो म्हणूनच शेजाऱ्याकडे जातो.

आणि आता रस्त्याच्या कडेला पाहू. मृग बहराचा पेरू थंडीत बाजारात येतो. शिरूर-दौंडच्या वाटांवर टोपल्या लागतात. पेरू हे घाईचे फळ आहे. आज टणक, परवा मऊ, तेरवा टाकाऊ. व्यापारी मोठे, गोल, निर्मळ फळ उचलतो. लहान, वाकडे, सालीवर डाग असलेले फळ मागे राहते. भाव पडला तर तोडणीची मजुरीही सुटत नाही, आणि चांगली फळे जनावरांपुढे किंवा बांधावर पडतात. हे सारे आपण गाडीच्या काचेतून पाहतो आणि पुढे पुण्यास जाऊन, चकचकीत डब्यातून, रंग घातलेला पेराद आणतो. सालीवरच्या डागाने गराला काही होत नाही. फळमाशीने पोखरलेले तेवढे काढून टाकावे लागते. पेराद हा नाकारलेल्या फळाचाच पदार्थ आहे. तो शोधणाऱ्यांनी तोंडात न धरवणाऱ्या तुरट फळाला तास न् तास शिजवून गोड केले होते. मग आपण डागाळलेल्या पेरूकडे पाठ फिरवून कोणत्या परंपरेचे पालन करतो?

वसईकर बांधवांना सुकेळीची आठवण करून देतो. आगाशीची राजेळी केळी सोलून, उन्हात सुकवून, केळीच्याच वाळल्या पानांत बांधलेली सुकेळी. एकेकाळी घरोघरी होत. बागा आक्रसल्या, इमारती उठल्या, उन्हात आठवडाभर लक्ष ठेवायला कोणी उरले नाही, आणि आज सुकेळी करणारी घरे थोडी उरली. आपण त्यांच्यावर लेख लिहितो, कौतुक करतो, छायाचित्रे काढतो. २०२३ मध्ये गोव्याच्या बेबिंकाला भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचा आम्हांला आनंदच आहे. पण मानांकन नावाचे रक्षण करते, हाताचे नव्हे. शिक्का कागदावर बसतो. थर लावणारे बोट घरात तयार व्हावे लागते.

वाचकहो, आमचे मागणे मोठे नाही. येत्या आगमनकाळात, डिसेंबरच्या पहिल्या दोन रविवारांपैकी एका रविवारी, तुमच्या गल्लीतील चार घरांनी एकत्र यावे. शेतकऱ्याकडून, भाव न पाडता, दुय्यम प्रतीचे दहा किलो पेरू आणावेत. चिरायला मुले, चाळायला वडीलधारी, आणि घाटायला आळीपाळीने पुरुष. बायकांनी त्या दिवशी खुर्चीवर बसून फक्त सांगावे: आच कमी कर, कड सोडू लागली बघ. ज्या मावशीला येते तिचे प्रमाण एकाने वहीत उतरवून घ्यावे. तिचे नाव त्या वहीवर घालावे. रंगाची बाटली घरात येऊ देऊ नये. वड्या कोरड्या होईपर्यंत कोणी डबा लावू नये.

आणि त्या दिवशी ज्या घरी पेरादच काय, नाताळही नसतो, त्या शेजारच्या घरी पहिली थाळी जावी. कारखान्याच्या गावात आपण सारेच दुसरीकडून आलेलो. मार्मेलो थंडीच्या देशात राहिला, त्याच्या जागी पेरू उभा राहिला, आणि कोणी त्याला परका म्हटले नाही. आपणही येथे तसेच आहोत.

नाना या नाताळात पुन्हा येतील आणि पुन्हा विचारतील, "घरचा का?" त्या वेळी उत्तर दादांनी द्यावे, वहिनींनी नव्हे. आणि उत्तर देताना त्यांच्या मनगटावर गराच्या शिंतोड्याचा एखादा लहानसा डाग दिसावा, एवढीच आमची अपेक्षा.